काचेतील समुद्राचा ताळेबंद

या सदरात आजवर आपण मुदत ठेवींपासून मृत्युपत्रापर्यंत अनेक विषयांचा विचार केला. आजचा विषय वरकरणी त्या पंक्तीत बसणारा नाही. खाऱ्या पाण्याच्या, जिवंत प्रवाळ असलेल्या मत्स्यालयात माजणारे शेवाळ आणि त्यावरील उपाय, हा तो विषय. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशात स्थायिक झाली आहेत आणि त्यांच्यापैकी काहींच्या दिवाणखान्यात अशी मत्स्यालये आहेत. ती पाहून परतलेले आजी-आजोबा मोठ्या कौतुकाने छायाचित्रे दाखवतात. वर्षभराने विचारपूस केली, तर पुष्कळदा उत्तर येते, "ते बंद केलं. शेवाळ फार झालं." 'बंद केलं' या दोन शब्दांत किती जीव संपलेले असतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

म्हणून हा लेखप्रपंच. त्याचे सार आरंभीच सांगतो. मत्स्यालयातील शेवाळ ही पाण्यात साचलेल्या पोषकद्रव्यांची दृश्य शिल्लक असते. ती का साचली हे न पाहता शेवाळ नुसते खरवडणे किंवा औषधाने मारणे म्हणजे खातेवहीचे पान फाडून टाकण्यासारखे आहे. पुढच्या पानावर तीच रक्कम पुन्हा उभी राहते.

मागील वर्षी न्यू जर्सी येथे कन्येकडे चार महिने मुक्काम घडला. जावयांनी दोन वर्षांपूर्वी ७५ गॅलनची टाकी उभारली होती. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे टाकी सुमारे २८४ लिटरची. खडक आणि रेतीने व्यापलेली जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी २५० लिटरच्या आसपास. तापमान २५ ते २६ अंश सेल्सियस आणि क्षारता हजार भागांत ३५ भाग, म्हणजे खुल्या समुद्राइतकी. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची एक जोडी, एक पिवळा टँग मासा, काही सागरी गोगलगायी आणि प्रवाळाचे दहा-बारा तुकडे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या शरीरात सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशात अन्न तयार करते आणि प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यातून मिळतो. समुद्र फार तापला की हे सूक्ष्म शैवाल प्रवाळातून बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरेफटक होतात. म्हणजे ज्याला आपण शत्रू समजतो, त्याच्याच जातकुळीतील एक जीव प्रवाळाचा अन्नदाता आहे. अशा टाकीतून शैवाल समूळ नाहीसे करणे हे उद्दिष्ट असूच शकत नाही. त्याला मर्यादेत ठेवणे, एवढेच आपल्या हाती असते.

मी पोहोचलो तेव्हा खडकांवर बोटभर लांबीचे हिरवे केस वाढलेले होते. रेतीवर तांबूस-जांभळी साय पसरली होती आणि दोन प्रवाळ तिच्या कडेला मिटून बसले होते. टाकीखालच्या कपाटात निरनिराळ्या औषधांच्या सहा बाटल्या होत्या. दर खेपेस दुकानदाराने नवी बाटली सुचवली होती. अकरा वर्षांच्या नातवाची चिंता वेगळीच होती. "आजोबा, टाकी बंद केली तर मासे कुठे जातील?" असे तो विचारी. जावई सातवी बाटली ओतण्याच्या तयारीत होते. मी त्यांना एवढेच म्हटले, "औषध अवश्य घाला, पण आधी आठ दिवस या टाकीत काय काय जातं आणि काय काय बाहेर येतं, ते तुम्ही लिहून ठेवा." बँकेत थकीत खात्याची फाइल समोर आली की पहिला प्रश्न हाच असे.

आधी ओळख

सगळे शेवाळ एकसारखे नसते आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि रेतीवर तपकिरी भुकटीसारखा थर बसतो, ते डायटम. त्यांची कवचे सिलिकाची असतात. पाण्यातील आणि नव्या रेतीतील सिलिका सरली की ते बहुधा आपोआप ओसरतात. त्यांच्यासाठी काहीही विकत घेण्याची आवश्यकता नसते.

लांब, मऊ, हिरवे तंतू म्हणजे केसाळ शेवाळ. पिसासारखी, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक फांद्या असलेली रचना दिसली, तर ते ब्रायॉप्सिस. ते अधिक चिवट असते. हिरव्या मण्यांसारखे चकाकणारे फुगे म्हणजे व्हॅलोनिया. त्यातील एकेक फुगा ही एकच पेशी असते. तो टाकीत फोडू नये, बुडापासून अलगद सोडवून बाहेर काढावा.

रेतीवर पसरणारी, चादरीसारखी उचलली जाणारी तांबडी-जांभळी साय हे खरे तर शेवाळच नव्हे. तो सायनोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंचा थर असतो. जेथे पाण्याचा प्रवाह मंद आणि गाळ साचलेला, तेथे तो प्रथम बसतो. सर्वांत अवघड प्रकार म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे आणि त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, हे त्यांचे रूप. रात्री ते पुष्कळसे दिसेनासे होतात आणि दिवे लागल्यावर काही तासांत परत येतात.

डोळ्यांना फरक कळत नसेल, तर थेंबभर नमुना साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. आमच्या नातवाने शाळेसाठी आणलेला सूक्ष्मदर्शक या कामी आला. डायनोफ्लॅजेलेट हे गोलसर, स्वतंत्र आणि हालचाल करणारे दिसतात. सायनोबॅक्टेरियाचे मात्र लांब धागे दिसतात. आम्हाला धागेच दिसले आणि निम्मी काळजी मिटली.

जमा बाजू

शेवाळाला वाढीसाठी प्रकाशाखेरीज मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात. ही द्रव्ये टाकीत येतात ती प्रामुख्याने माशांच्या खाद्यातून. कोरड्या खाद्यात साधारणपणे एक टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे एका ग्रॅममागे १० मिलिग्रॅम. त्याचे फॉस्फेट झाले की त्यात ऑक्सिजन मिळून वजन तिपटीने वाढते, ते होते ३० मिलिग्रॅम. आता २५० लिटरने भागा. उत्तर येते लिटरला ०.१२ मिलिग्रॅम. प्रवाळाच्या टाकीत फॉस्फेट लिटरमागे ०.०३ ते ०.१० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावे, असे बहुतेक अनुभवी हौशी मानतात. म्हणजे चिमूटभर, अवघे एक ग्रॅम खाद्य, त्यातील काहीच बाहेर काढले गेले नाही, तर एका दिवसात वरची मर्यादा ओलांडते.

कन्येच्या घरी सकाळी जावई, दुपारी शाळेतून आलेला नातू आणि सायंकाळी कन्या, असे तिघे आपापल्या परीने माशांना खाऊ घालीत. मासे काचेजवळ आले की ते भुकेलेच वाटतात. स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून पाहिले, तेव्हा दिवसाला तीन ग्रॅमच्या आसपास खाद्य पडत होते. यापुढे एकानेच, दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच घालायचे असे ठरले. गोठवलेले खाद्य वितळवून, त्याचे पाणी गाळून मगच टाकायचे, हाही नियम झाला. मासे त्यामुळे वाळले नाहीत.

दुसरी जमा अधिक छुपी होती. टाकीतून रोज चार लिटर पाण्याची वाफ होई आणि तेवढी भर घालावी लागे. वाफ होताना केवळ पाणी जाते, त्यात विरघळलेले सर्व काही मागे राहते. अमेरिकेतील अनेक शहरांत जुन्या नळांमधील शिसे पाण्यात उतरू नये म्हणून पाणीपुरवठ्यात फॉस्फेट मुद्दाम मिसळतात. पिणाऱ्यांना ते हितकर, पण प्रवाळाच्या टाकीला जड. लिटरला एकच मिलिग्रॅम धरा. रोजच्या चार लिटरमागे ४ मिलिग्रॅम, महिन्याला १२० मिलिग्रॅम. २५० लिटरमध्ये ते ०.४८ इतके चढते.

म्हणूनच या छंदात आर.ओ. यंत्राचे पाणी पुन्हा आयन शोषणाऱ्या राळेतून गाळून वापरतात. अशा पाण्यात टी.डी.एस. मीटरचा आकडा शून्य यायला हवा. घरी यंत्र होते, पण त्यातील राळ वर्षाहून अधिक काळ बदललेली नव्हती. मीटरने ४१ दाखवले. सहा बाटल्यांनी जे साधले नाही, त्याची सुरुवात त्या एका आकड्याने झाली.

तिसरी जमा म्हणजे कुजका ऐवज. खडकांमागे साचलेला गाळ, गाळणीच्या स्पंजात अडकलेले अन्नकण, एखादी मेलेली गोगलगाय. स्पंज आठवड्यातून दोनदा धुतला नाही, तर ती गाळणी राहत नाही, खताचा खड्डा होते.

चाचणीतील शून्य

जावयांचा एक प्रश्न रास्त होता. "बाबा, चाचणीत तर फॉस्फेट ०.०२ आणि नायट्रेट २ येतं. मग पोषकद्रव्यं जास्त आहेत, असं कसं म्हणायचं?"

चाचणी फक्त पाण्यात मोकळे असलेले द्रव्य मोजते. जे शेवाळाने आधीच शोषून घेतले, ते तिला दिसत नाही. खडकभर केसाळ शेवाळ आणि चाचणीत शून्य, याचा अर्थ आवक नाही असा होत नाही. जे आले ते लगोलग उचलले गेले, एवढाच तो होतो. रोख शिल्लक शून्य असलेल्या दुकानाची उलाढाल लाखांची असू शकते.

दुसरेही एक कारण आहे. टाकीतील खडक आणि रेती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असतात आणि फॉस्फेट त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. पाण्यातील प्रमाण घटले की खडक साठवलेले फॉस्फेट हळूहळू परत सोडतात. म्हणून पहिल्या आठवड्यात आकडा उतरतो आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चढतो. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. वास्तविक उपाय लागू पडत असतो, पण जुनी थकबाकी फिटायला वेळ लागतो.

खर्च बाजू

आलेले बाहेर कसे काढावे? सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे हात. पाणी बदलताना एका हाताने शेवाळ उपटावे आणि दुसऱ्या हातातील नळीने ते तत्क्षणी बाहेर ओढून घ्यावे. जुना दात घासण्याचा ब्रश उपयोगी पडतो. उपटलेले तंतू पाण्यात सुटू देऊ नयेत. शेवाळाने जे शोषले, ते शेवाळाबरोबरच बाहेर जाते. तेच शेवाळ टाकीत मेले, तर सर्व काही पुन्हा पाण्यात.

पाणी बदलण्याविषयी एक हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा, नायट्रेट ४० आहे आणि आपण दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलतो. घसारा काढण्याच्या घटत्या शिलकेच्या पद्धतीप्रमाणे आकडे येतील ३२, २५.६, २०.५ असे. पण आठवड्याला ५ नव्याने जमा होत असेल, तर कितीही महिने पाणी बदलले, तरी बदलण्यापूर्वीचा आकडा २५ च्या खाली उतरणार नाही, कारण २५ चे २० टक्के नेमके ५ होतात. आवक ५ वरून २ वर आणली, तर तोच आकडा १० पर्यंत खाली येतो. पाण्याच्या बादल्या वाढवण्यापेक्षा आवक घटवणे किती फलदायी, ते यावरून कळावे.

प्रोटीन स्किमर हे यंत्र बारीक बुडबुड्यांचा फेस करून सेंद्रिय घाण कुजण्याआधीच बाहेर काढते. आणखी एक सुंदर उपाय म्हणजे शेवाळालाच कामाला लावणे. टाकीखालच्या दुसऱ्या हौदात केटोमॉर्फा नावाचे तारेच्या गुंडाळीसारखे शेवाळ प्रकाशाखाली वाढवतात आणि वेळोवेळी मूठभर काढून टाकतात. जी द्रव्ये वर केसाळ शेवाळाला मिळाली असती, ती येथे खर्ची पडतात. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी १९८० च्या दशकात जाळीवर शेवाळ वाढवून ते नियमित खरवडण्याची पद्धत रूढ केली. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे उघडलेल्या ग्रेट बॅरियर रीफ ॲक्वेरियमच्या विशाल प्रवाळटाकीतही आरंभी हीच पद्धत वापरली होती.

दिव्यांकडेही लक्ष द्यावे. दिवसाला आठ-नऊ तास पुरेसे असतात. खिडकीतून थेट ऊन पडत असेल, तर पडदा लावावा. प्रवाह असा ठेवावा, की रेतीवर गाळ बसू नये. आमच्या जांभळ्या सायीपैकी निम्मी केवळ एका पंपाचे तोंड वळवल्याने गेली.

चरणारे जीव

समुद्रात शेवाळाला आवर घालतात ते चरणारे प्राणी. त्यांचे मोल किती, हे जमैका बेटाच्या किनाऱ्यावर जगाने पाहिले. १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ डायाडेमा नावाचे, लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन अचानक मरू लागले. वर्षभरात हे मरण संपूर्ण कॅरिबियन समुद्रात पसरले आणि त्या जातीचे नव्वद टक्क्यांहून अधिक जीव नष्ट झाले. शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच विरळ झाले होते आणि १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. उरलेला राखणदारही गेला. १९७७ मध्ये जमैकाच्या प्रवाळभित्तींवर जिवंत प्रवाळ ५२ टक्के आणि शेवाळ ४ टक्के होते. १९९३ पर्यंत प्रवाळ ३ टक्क्यांवर आले आणि शेवाळ ९२ टक्क्यांवर गेले.

मत्स्यालयात हेच काम ट्रोकस, टर्बो यांसारख्या गोगलगायी आणि टँग मासे करतात. केसाळ शेवाळ फस्त करणारा सी हेअर नावाचा बिनकवचाचा मृदुकाय प्राणीही दुकानात मिळतो. येथे मात्र आपल्या घरातील संस्कारांनी पुढे यावे. सी हेअर शेवाळ संपवतो आणि मग उपासमारीने मरतो. दुकानात शेकड्यांनी 'सफाई पथक' विकतात, त्यातील बहुतेकांच्या नशिबी हेच असते. ज्या घरांत पाणी गाळून पितात आणि पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपतात, त्या घरांनी अकरा गोगलगायींचे अन्न असताना शंभर आणू नयेत. जो जीव आणला, त्याच्या उद्याच्या अन्नाची तरतूद आजच असली पाहिजे. शेवाळ सरल्यावर टँग माशाला नोरी, म्हणजे वाळवलेले समुद्री शेवाळ, द्यावे लागते. जावयांनी सी हेअर विकत न घेता एका परिचित हौशी गृहस्थाकडून तीन आठवड्यांसाठी आणला आणि काम होताच पुढच्या गरजवंत टाकीत पोहोचवला. ही पद्धत मला फार आवडली.

शून्याचा मोह

आता उलट बाजू. त्याच परिसरातील दुसऱ्या एका टाकीत फॉस्फेट शोषणारी लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी भरपूर वापरून सर्व आकडे शून्यावर आणले गेले होते. शेवाळ गेले, पण महिन्याभरात तपकिरी, बुडबुड्यांचे धागे आले आणि गोगलगायी मरू लागल्या. डायनोफ्लॅजेलेट अशाच अतिस्वच्छ, भुकेल्या टाकीत पुष्कळदा माजतात, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारे इतर सूक्ष्म जीव अन्नावाचून संपलेले असतात. तेथे उपाय उलटा असतो. नायट्रेट आणि फॉस्फेट किंचित वाढू द्यावे लागतात आणि पाणी अतिनील किरणांच्या नळीतून फिरवावे लागते. त्यांतील ऑस्ट्रिऑप्सिस ही जात विषारी असते. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतील जेनोवा येथे समुद्रात ती माजली, तेव्हा किनाऱ्यावरील सुमारे २०० जणांना श्वसनाच्या त्रासामुळे उपचार घ्यावे लागले.

प्रवाळालाही पोषण लागतेच. फॉस्फेट एकाएकी खाली ओढले, तर शेवाळाआधी प्रवाळच दगावते. पोषकद्रव्ये थोडी असावीत, पण रोज सारखी असावीत.

बाटल्यांविषयी

औषधे सर्वथा निरुपयोगी आहेत, असे मी म्हणणार नाही. ब्रायॉप्सिसवर फ्लुकोनाझोल हे बुरशीनाशक चालते, सायनोबॅक्टेरियावर एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक चालते. परंतु मेलेला ऐवज पाण्यात कुजतो, कुजताना प्राणवायू ओढून घेतो आणि रात्री मासे गुदमरतात. प्रतिजैविकाने टाकी शुद्ध ठेवणारे उपयुक्त जिवाणूही बाधित होऊ शकतात. आवक कमी केल्यावर, हाताने बहुतेक शेवाळ काढल्यावर आणि हवेचा पंप लावूनच असे औषध वापरावे. तेही ओळख पटल्यावर.

एक सूचना घरातील माणसांच्या जिवाची आहे. शेवाळ मारण्यासाठी टाकीतील खडक उकळत्या पाण्यात कधीही घालू नये. खडकावर झोअँथिड जातीचे प्रवाळ असतील, तर त्यांतील पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर श्वासात जाते. अशा प्रकाराने संपूर्ण कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना घडल्या आहेत. खडक हाताळताना हातमोजे घालावेत आणि डोळ्यांना हात लावू नये.

न्यू जर्सीच्या टाकीत सातवी बाटली उघडली गेली नाही. पहिले तीन आठवडे काहीच बदल दिसला नाही आणि तेच सर्वांत कठीण होते. नातू दर रविवारी वहीत आकडे लिहीत असे. पाचव्या आठवड्यात हिरवे केस फिकट पडले आणि चिमटीत सहज येऊ लागले. सातव्यात रेती पांढरी दिसली. दहाव्या आठवड्यात खडकांवर जांभळ्या, कठीण, चुनखडी शैवालाचा थर पसरू लागला. निरोगी टाकीची ती खूण मानतात. मिटलेल्या दोन प्रवाळांपैकी एक उमलले. दुसरे मात्र वाचले नाही.

टाकीबाहेरची जबाबदारी

काढलेले शेवाळ टाकायचे कोठे, हाही प्रश्न लहान नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ समुद्रतळाशी कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शोभेच्या शेवाळाचा एक चौरस मीटरचा तुकडा आढळला. मत्स्यालयात जोपासलेला हा वाण पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरला. २००० मध्ये तोच कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथील खाजणात सापडला. ताडपत्र्यांखाली झाकून, क्लोरीन सोडून तो नाहीसा करायला सहा वर्षे आणि सत्तर लाख डॉलरांहून अधिक खर्च लागला. म्हणून टाकीतील शेवाळ वा पाणी नाल्यात, खाडीत, समुद्रात सोडू नये. शेवाळ कडक उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात टाकावे.

आपल्या देशात तर आरंभापूर्वीच थांबून विचार करावा. समुद्रातील खडकाळ प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. १९८७ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या मालवणच्या समुद्रातून असो वा अन्य किनाऱ्यावरून, त्यांचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे. मालवणला गेलात, तर प्रवाळ पाण्यातच पाहावेत आणि तेथेच राहू द्यावेत. प्राण्यांना काचेत ठेवावे की नाही, याविषयी आपल्यात मतभेद असणे स्वाभाविक आहे. पण ज्या घरात ते आधीच आहेत, तेथे त्यांना नीट जगवणे हे कर्तव्य ठरते, यावर मतभेद नसावा.

तेव्हा ज्यांच्या मुलांकडे किंवा नातवंडांकडे अशी टाकी असेल, त्यांनी पुढच्या फोनवर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. खाद्य कोण घालते आणि किती? भर घालायच्या पाण्याचा टी.डी.एस. किती येतो? आणि या आठवड्यात टाकीतून काय बाहेर काढले? तिन्ही उत्तरे वहीत लिहिलेली असतील, तर टाकीतील जिवांची काळजी नसावी. नसतील, तर नातवाला एक वही पाठवून द्यावी.